वेबसाइटचं काम कुणाला द्यायचं? एका छोट्या व्यवसायाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका बहीण-भावाच्या व्यवसायाचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. पाण्याचे पंप आणि मोटर दुरुस्त करायच्या आणि त्यांचे स्पेअर पार्ट विकायचे असा धंदा. धाकटा भाऊ वर्कशॉप सांभाळतो, थोरली बहीण ऑर्डर, बिलं, फोन, मेल हे सगळं बघते, हाताखाली मोजकी माणसं. छोट्या व्यवसायांना वेबसाइटचं काम कुणाला द्यायचं हे ठरवताना मी सोबत बसतो, स्वतः साइट बनवत नाही, त्यामुळे त्यांनी कुणालाही निवडलं तरी माझा त्यात काही फायदा-तोटा नव्हता.

त्यांची एक जुनी साइट होती, ओळखीतल्या एका डेव्हलपरने बनवून दिलेली. मोबाइलवर उघडली की चिमटीने झूम केल्याशिवाय वाचता यायची नाही, त्यावरचा एक फोन नंबर बंद झालेला, आणि "आमची उत्पादने" या पानावर अशी दोन मॉडेल होती जी कंपनीने कधीच बंद केलीत. तरी ती साइट चालत होती कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं, ताईंच्या शब्दांत "आहे आपली, असू दे".

अडचण नेमकी काय होती

एका सकाळी साइट उघडेना, आणि त्याहून वाईट म्हणजे मेल यायचे बंद झाले. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली होती. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचा (ही इंटरनेटवरच्या नावांचे नियम ठरवणारी संस्था) नियम आहे की रजिस्ट्रारने, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीने, मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी आणि मग आठवडाभर आधी आठवणीचा मेल पाठवायचा. मेल गेलेही होते. पण ते गेले डेव्हलपरच्या एका जुन्या आयडीवर, जो तो आता उघडतच नाही. डोमेन घेताना नोंदणी त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या अकाउंटमध्ये केली होती, त्यात लबाडी काही नव्हती, त्यावेळी पटकन काम व्हावं म्हणून केलं आणि तसंच राहिलं.

नशिबाने माणूस सापडला आणि त्याने रिन्यू करून दिलं. मुदत संपली म्हणजे नाव त्याच दिवशी जातं असं नाही, बरेच रजिस्ट्रार काही दिवस साध्या दराने रिन्यू करू देतात, त्यानंतर नाव डिलीट झालं तरी ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ असतो, पण त्यात नाव सोडवायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. हे वेळेत झालं. पण ताई हादरल्या होत्या. "दुकान आमचं आणि शटरची किल्ली भलत्याकडे, असंच झालं की हे," त्या म्हणाल्या, आणि तिथून विषय निघाला की आता नवीन साइट करायची, नीट कंपनीकडून करून घ्यायची.

इथे पहिला निर्णयाचा टप्पा आला आणि तो कुणाच्या लक्षातही येत नव्हता. अडचण होती मालकीची, उत्तर शोधलं जात होतं डिझाइनमध्ये. नवीन कंपनीने उद्या डोमेन परत तिच्या नावावर घेतलं तर कितीही देखणी साइट झाली तरी आपण तिथेच. म्हणून मी म्हटलं की आधी डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या अकाउंटमध्ये, तुम्ही रोज बघता त्या मेलवर आणा, मग कंपन्यांशी बोला. आणि तो नोंदणीचा मेल त्याच डोमेनचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, मग आठवणी कुठे येणार. डेव्हलपरने ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायला लागणारा पासवर्ड, दिला आणि नाव एकदाचं यांच्याकडे आलं. ट्रान्सफरनंतर साधारणपणे ६० दिवस नाव पुन्हा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, त्यामुळे रजिस्ट्रार कोणता घ्यायचा हे तिथेच शांतपणे ठरवलं.

आधी काय हवंय ते लिहिलं

भावाला हवं होतं ऑनलाइन दुकान, कार्ट, पेमेंट, सगळं. ताईंना हवं होतं "प्रोफेशनल दिसणारं काहीतरी". या दोन्ही वाक्यांवर कोणतीही कंपनी कोटेशन देऊ शकते आणि प्रत्येकीचं वेगळं येणार.

म्हणून आम्ही कंपन्या बाजूला ठेवल्या आणि ताईंचा फोन घेऊन बसलो, गेल्या काही आठवड्यांत लोकांनी नेमकं काय विचारलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर वर-खाली करून बघितलं. फार मजेशीर निघालं. जवळजवळ प्रत्येक संभाषण एकाच चाकोरीतलं: गिऱ्हाईक विचारतं सील किट आहे का, ताई विचारतात मॉडेल कोणतं, गिऱ्हाईक म्हणतं माहीत नाही, ताई म्हणतात नेमप्लेटचा फोटो पाठवा, फोटो येतो तर नेमप्लेट घासून गेलेली, मग भावाला बोलवायचं, तो फोटोतला इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) आणि बॉडीचा आकार बघून सांगणार. पेमेंट कसं करू हा प्रश्न कुणाला अडतच नव्हता. अडत होता पार्ट ओळखण्याचा.

त्यावरून एक पानाचा कागद तयार झाला. साइटने काय करायचं: मॉडेल नंबरवरून पार्ट शोधता यावा, नंबर नसेल तर फोटो पाठवायचं बटण समोर दिसावं, फोटो कसा काढायचा हे चित्रांनी दाखवावं, दुरुस्तीला मोटर आणण्याआधी काय तपासायचं ते सांगावं, आणि किंमत किंवा फोन नंबर बदलायचा झाला तर ताईंना स्वतः बदलता यावा. काय करायचं नाही: ऑनलाइन पेमेंट, चॅटबॉट, अ‍ॅप. भाऊ जरा नाराज झाला, "अरे पण पुढे लागलंच तर?" तर त्याचं उत्तर ताईंनीच दिलं की पुढे लागलं तर जोडता येईल अशा गोष्टीवर बनवून घेऊ, आज त्याचे पैसे नको देऊ. हा एक कागद मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो, नंतरचे अर्धे वाद त्याच्याकडे बोट दाखवून मिटले.

समोर आलेले पर्याय

साइट बिल्डरवर, म्हणजे तयार साच्यांवर साइट बांधू देणाऱ्या सेवेवर, स्वतः बनवणं हा पहिला. विक्स, स्क्वेअरस्पेस वगैरे. ताईंनी एक संध्याकाळ खेळून बघितलं आणि पहिलं पान चांगलं जमलंही. पण पार्टची यादी मोठी, त्यात एकच सील अनेक मॉडेलना बसणारी, ते गणित तिथे स्वतःच्या हाताने बसवणं अवघड होत चाललं. शिवाय अशा बिल्डरवर बांधलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट जिथे ठेवतात त्या सर्व्हरच्या सेवेवर) नेता येत नाही, सोडायचं तर पुन्हा बांधायची. फक्त चार पानांची साइट असती तर मी हाच पर्याय सुचवला असता, खरंच.

दुसरी एक मोठी एजन्सी. मीटिंगला चार जण, छान प्रेझेंटेशन, आणि साइट त्यांच्या स्वतःच्या सीएमएसवर, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तिसरा एक एकटा काम करणारा फ्रीलान्सर, हात अतिशय चांगला, कामं बघून भाऊ खूश. चौथी तीन जणांची छोटी फर्म, वर्डप्रेस या सीएमएसवर काम करणारी, त्यांची स्वतःची साइट साधीच. अजून एका कंपनीचं कोटेशन आलं होतं ज्यात "गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी" असं ठळक लिहिलेलं. ते आम्ही तिथेच बाजूला ठेवलं. गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची खात्री कुणीही देऊ शकत नाही, मग जो देतो त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा.

कोटेशनची तुलना करायला गेलो तर करताच येईना. एकाने पानांवर दर दिलेला, एकाने तासांवर, एकाने "बिझनेस पॅकेज" एवढंच. आकडे शेजारी ठेवून काही कळत नव्हतं म्हणून सगळ्यांना तेच प्रश्न लेखी पाठवले. होस्टिंग कुणाच्या नावावर. मजकूर कोण लिहिणार. फोटो विकत घेतले तर लायसन्स कुणाच्या नावे. डिझाइनमध्ये किती वेळा बदल करून मिळतील. लाइव्ह झाल्यावर अपडेट आणि बॅकअप कोण घेणार. आमचं काम प्रत्यक्ष कोणता माणूस करणार. आणि शेवटचा प्रश्न, आम्ही दोन वर्षांनी तुम्हाला सोडून गेलो तर आमच्या हातात काय असेल?

या शेवटच्या प्रश्नावर चेहरे बदलतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. एजन्सीने गोल गोल उत्तर दिलं, "आमचे क्लायंट सोडून जात नाहीत," आणि खोदून विचारल्यावर कळलं की मजकूर आणि फोटो मिळतील पण सीएमएस त्यांचं असल्याने साइट चालणार ती त्यांच्याच सर्व्हरवर. छोट्या फर्मने एका परिच्छेदात लिहून पाठवलं: फाइल, डेटाबेस, सगळे पासवर्ड, आणि वर्डप्रेस ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता येणारं, असल्याने ते येणारा दुसरा कुणीही पुढे चालवू शकेल.

जुनी कामं कशी तपासली

पोर्टफोलिओ बघताना बहुतेक जण एजन्सीच्या मोठ्या स्क्रीनवर बघतात. आम्ही ती कामं भावाच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, वर्कशॉपमध्ये उभं राहून उघडली, कारण त्यांचं गिऱ्हाईक असंच उघडणार आहे, हाताला ग्रीस आणि समोर उघडलेला पंप. एजन्सीची सगळ्यात देखणी साइट इतका वेळ पांढरी राहिली की भावाने फोन खिशात टाकला. मग पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या टूलवर सगळ्यांचे पत्ते टाकून बघितले. पानावरचा मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत यावा असं गुगलचं माप आहे. एका साइटचा पहिला फोटोच अवाढव्य होता, मूळ कॅमेऱ्यातला, तसाच चढवलेला. आणि शोधात दाखवण्यासाठी गुगल आता मोबाइलवरचंच रूप धरतं, त्यामुळे "डेस्कटॉपवर बघा ना" या उत्तराला अर्थ नाही.

मग जुन्या क्लायंटना फोन. काम आवडलं का असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ताईंनी विचारलं, "शेवटचा बदल कधी केलात आणि तो कसा झाला?" एका ठिकाणी उत्तर आलं की डिझाइन सुंदर आहे पण एक फोन नंबर बदलायलाही मेल टाकून वाट बघावी लागते. छोट्या फर्मच्या एका क्लायंटने सांगितलं की हे लोक सुरुवातीला डोकं खातात, खूप प्रश्न विचारतात, उशीर पण करतात, मात्र फोन उचलतात. हे "उशीर करतात" ताईंनी वहीत लिहून ठेवलं, आणि पुढे ते खरंही ठरलं.

निर्णय कुठे अडला आणि कसा झाला

ताईंचा कल छोट्या फर्मकडे, भावाचा फ्रीलान्सरकडे. एजन्सी दोघांनीही सोडली होती. भावाचं म्हणणं सरळ होतं: "ताई, त्याचं काम बघ ना, किती स्वच्छ आहे, आणि बोलायला एकच माणूस." ताईंचं म्हणणं, एकच माणूस हीच तर भीती, तो आजारी पडला किंवा नोकरीला लागला तर आपण परत जुन्या गोष्टीवर. दोघांचंही बरोबर होतं आणि अशा वेळी बाहेरच्याने मत देऊन एकाला हरवण्यात काही अर्थ नसतो.

म्हणून दोघांना एक छोटं काम दिलं, पैसे देऊन. फुकट सॅम्पल मागायला मी नेहमीच विरोध करतो, फुकट मागितलं की समोरचा घाईत काहीतरी टेकवतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. काम एवढंच: एका पंपाचं पान, त्याच्या पार्टच्या यादीसह, फोनवर चालेल असं.

फ्रीलान्सरने लवकर दिलं आणि दिसायला उत्तमच होतं. छोट्या फर्मने आधी फोन केला. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलीने यादी बघून विचारलं, "ही सील तीन मॉडेलना बसते असं दिसतंय, मग तुम्ही ती तीनदा लिहिता की एकदाच? आणि उद्या तिचा नंबर बदलला तर तीन ठिकाणी बदलणार का?" भाऊ स्पीकरवर ऐकत होता. वर्कशॉपमध्ये हीच डोकेदुखी वर्षानुवर्षं चाललेली, एका यादीत नंबर बदलायचा आणि दुसऱ्या यादीत राहायचा. फोन ठेवल्यावर तोच म्हणाला की यांना देऊया. सॅम्पल अजून आलंही नव्हतं.

करारात काय घातलं

फार वकिली भाषा नव्हती. पैसे टप्प्याटप्प्याने: सुरुवातीला काही, डिझाइन मंजूर झाल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता हँडओव्हरला जोडलेला. हँडओव्हर म्हणजे काय तेही लिहिलं, होस्टिंगचं लॉगिन यांच्या नावावर, वर्डप्रेसचं अ‍ॅडमिन, बॅकअपची एक प्रत, वापरलेल्या थीम (साइटच्या रूपाचे साचे) आणि प्लगिनची (वरून जोडलेल्या सोयींची) यादी आणि त्यांचं लायसन्स कधी संपतं ते, गुगल सर्च कन्सोल (गुगलच्या शोधात साइट कशी दिसते ते दाखवणारं) आणि अ‍ॅनालिटिक्सची मालकी. यातलं प्लगिनचं लायसन्स लोक हमखास विसरतात. डेव्हलपर स्वतःच्या लायसन्सवर बसवून देतो आणि पुढे त्याने ते चालू ठेवलं नाही की अपडेट थांबतात, कुणाला कळतही नाही.

काम सुरू झाल्यावर

डिझाइन वेळेत आलं, अडकलं मजकुरात. आणि यात फर्मचा दोष कमी, यांचा जास्त. पार्टची यादी तीन वेगवेगळ्या एक्सेलमध्ये, एकात "बेअरिंग", एकात "बेरिंग", एकात फक्त नंबर. फोटो तर नव्हतेच. भावाने आधी सांगितलं रविवारी काढतो, मग पुढच्या रविवारी, आणि कामाच्या गर्दीत ते लांबतच गेलं. शेवटी ताईंनी वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक पांढरा कागद चिकटवला, वर दिवा लावला, आणि नियम केला की जो पार्ट विक्रीला बाहेर पडेल त्याचा आधी तिथे फोटो. सगळ्यांचे एकदम काढायचा हट्ट सोडल्यावर काम सरकलं.

फर्मकडूनही उशीर झालाच, शोधाचा भाग त्यांना वाटला त्यापेक्षा किचकट निघाला. पण त्यांनी आधीच कळवलं, आणि एक पर्याय दिला की शोधाशिवाय आत्ता लाइव्ह जाऊ किंवा थांबू. थांबायचं ठरलं. कारण कागदावर पहिलीच ओळ ती होती.

लाइव्ह गेल्यावर

जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे ३०१ रीडायरेक्टने वळवले होते, वर्डप्रेसमधली सर्च इंजिनला साइट न दाखवण्याची खूण काढली होती, हे दोन्ही यादीत होतं म्हणून विसरलं नाही. साइट नीट उघडली. आणि दुपारी एका सप्लायरचा फोन आला की तुम्हाला मेल जात नाहीये.

झालं असं की नवीन होस्टिंगसाठी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, बदलले, आणि मेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्सच्या नोंदी जुन्या ठिकाणीच राहिल्या, नव्या जागी कुणी उतरवल्याच नाहीत. साइट आणि मेल एकाच डोमेनवर असतात पण वाटा वेगळ्या, आणि डिझाइन करणाऱ्यांचं लक्ष साइटच्या वाटेवर असतं. फर्मच्या मुलीने फोन लगेच उचलला, जुन्या नोंदी बघून तशाच टाकल्या, तरी बदल सगळीकडे पोचायला संध्याकाळ झाली. ताई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं, याच भीतीपोटी तर हे सगळं सुरू झालेलं. पण या वेळी डोमेनचं लॉगिन त्यांच्या हातात होतं, कुणाला शोधत फिरावं लागलं नाही.

निकाल

धंदा दुप्पट झाला वगैरे काही नाही. बदललं ते फोनचं स्वरूप. आता येणाऱ्या चौकशीत बऱ्याचदा मॉडेल नंबर किंवा नीट काढलेला फोटो आधीच असतो, त्यामुळे भावाला दर वेळी हातातलं काम टाकून उठावं लागत नाही. ताई किमती स्वतः बदलतात. एक जुनी पीडीएफ कॅटलॉग मात्र रीडायरेक्टच्या यादीतून सुटली होती, तिचा पत्ता बिलांवर छापलेला असल्याने लोक तिथे जाऊन आपटत होते, सर्च कन्सोलमध्ये ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही"च्या चुका, दिसल्या तेव्हा कळलं.

काही महिन्यांनी फर्ममधली ती मुलगी दुसरीकडे गेली. नवीन आलेल्या माणसाला हँडओव्हरची फाइल दिली आणि काम चालू राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

मजकूर. कंपनी शोधायला लागायच्या आधीच पार्टची यादी एक करायला घेतली असती तर बराच वेळ वाचला असता, आणि कोटेशनही जास्त नेमकी आली असती. फर्मला शोधाचा किचकटपणा उशिरा कळला त्याचं कारणही तेच, त्यांना सॅम्पलला दिलेली यादी साफ होती आणि खरी यादी तशी नव्हती.

लाइव्ह जायच्या आदल्या दिवशी डीएनएसच्या, म्हणजे साइट आणि मेल कुठे न्यायचे हे सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला हवा होता, आणि लाइव्ह गेल्यावर पाच मिनिटांत बाहेरच्या एखाद्या आयडीवरून मेल पाठवून बघायला. मुळात नेमसर्व्हर बदलायची गरजच नव्हती, फक्त साइटची नोंद बदलली असती तरी भागलं असतं. हा प्रश्न कोटेशनच्या वेळीच विचारण्यासारखा आहे: साइट हलवताना आमच्या मेलचं काय करणार?

छापील गोष्टींवरचे पत्ते, म्हणजे बिलं, कार्ड, खोक्यावरचे स्टिकर, हे रीडायरेक्टच्या यादीत घेतले नव्हते. आणि वाचता येण्याकडे कमी लक्ष दिलं, पहिल्या डिझाइनमध्ये पार्ट नंबर फिक्या करड्या रंगात होते, उन्हात उभं राहून वाचताच येईना. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ एवढा रंगभेद असावा असं वेबवरच्या सुलभतेच्या निकषांत आहे, ते मंजुरीच्या वेळी तपासायला दोन मिनिटं लागली असती.

एक प्रश्न अजून चालू आहे. फर्मने वर्षभराच्या देखभालीचा करार पुढे ठेवलाय. भावाला वाटतं गरज पडेल तेव्हा पैसे देऊ, ताईंना वाटतं बॅकअप आणि अपडेट कुणीतरी नियमित बघायला हवं. माझं मत ताईंच्या बाजूने आहे, फक्त त्यात "बॅकअप घेऊ" एवढंच नको, "बॅकअपवरून साइट परत उभी करून दाखवू" हेही हवं, तेवढी ओळ घालून करार त्यांच्याकडे परत पाठवलाय.